सीरम लावलं होतं तरी!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडे सरका, मोगऱ्याच्या बाजूला. तिथे उभं राहून बोललं की समोरच्या खिडकीत सगळं ऐकू जातं, आणि मग माझंच नाव. हं, तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातली धाकटी तारकर्लीहून आली, तिला पाहिलंत का तुम्ही? नाही? अहो, काय तोंड झालंय पोरीचं! नाक लालबुंद, कपाळ ताणून नुसतं चमकतंय, आणि हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजून निघालेत. गंमत म्हणजे तिच्याबरोबर गेलेल्या ऑफिसातल्या बाकीच्या मुली ठणठणीत. जरा काळवंडल्यात, एवढंच. बोट एक, ऊन एक, मग हिचंच असं का?

घरात निदानं काय काय झाली, विचारू नका. आजींनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आई म्हणाली, सुरमई बाधली. आणि काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ हो, त्या गप्प बसल्या तर त्या काकू कसल्या? सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढं महागाचं सीरम तोंडाला फासायचं कशाला?" झालं! आईचा चेहरा असा उतरला म्हणता... कारण ते सीरम आईनेच आणलं होतं, वाढदिवसाला. सेलमध्ये का होईना. आणि धाकटीचं रडत रडत एकच पालुपद, "पण मी सीरम लावलं होतं तरी! व्हिटॅमिन सी! रोज सकाळी लावत होते!"

म्हणजे बघा हं. एक म्हणते सीरमनेच झालं, दुसरी म्हणते सीरम लावूनही कसं झालं. आणि गोळीचं नाव कुणाच्याच तोंडी नाही!

अहो, मुरमांवरची गोळी. डॉक्सिसायक्लिन. तुम्हाला माहितीय की ती, मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून कुणी चालत आलं की लेप्टो होऊ नये म्हणून महापालिका घ्यायला सांगते, तीच. तिथे ती मोजकीच घेतात, आणि त्या दिवसांत मुंबईला ऊन असतं कुठे? इथे बाईसाहेब रोज घेतायत, आणि गेल्या कुठे, तर ऐन मे महिन्यात समुद्रावर. खाली पाणी, बाजूला वाळू, दोन्हींवरून ऊन परत तोंडावर येतं ते वेगळंच.

आईला एकटीला जायचा धीर होईना, म्हणून मी आपली सोबत गेले स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. शेजारधर्म आहे हो, जायला नको? काकूही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तर डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? लाल नाक? छे. कानामागे पाहिलं. मग हनुवटी वर करायला लावून तिच्याखाली पाहिलं. मग डोळे मिटायला लावले आणि पापण्या पाहिल्या. सगळीकडे स्वच्छ! हातावर घड्याळाचा पट्टा होता तेवढी जागाही जशीच्या तशी. म्हणाल्या, "ऊन जिथे पोचलं तिथेच भाजलंय. सुरमईने झालं असतं तर घड्याळाची कड सांभाळून आलं असतं का?" आई खाली बघायला लागली. मग विचारलं, "नखं दुखतायत का गं?" धाकटी बघतच राहिली, कारण अंगठ्याची नखं खरंच ठणकत होती, आणि ते तिने घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. या गोळीचं आणि उन्हाचं जमलं की कधीकधी नखं टोकाकडून सुटतात म्हणे, आणि तीही काही आठवड्यांनी. पोरीने दोन्ही हात ओढणीखाली घेतले ते बाहेर पडेपर्यंत काढले नाहीत.

आता हे होतं कसं, ते मला कळलं तसं सांगते. गोळीतलं औषध रक्तातून कातडीत येऊन बसतं. नुसतं बसलेलं असेल तोवर ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ऊन पडलं, त्यातही ते अल्ट्राव्हायोलेट ए नावाचं ऊन, की त्याला जे मिळतं ते त्याच्या पोटात राहत नाही. आपल्या कॉलनीत नाहीत का एकजणी... नाव नाही हं घेत मी. कानावर काही पडलं की फाटकात पहिला जो भेटेल त्याला सांगून मोकळ्या, आणि पुन्हा चेहरा कसा साळसूद! तसंच ते औषध. उन्हाकडून घेतलेली ताकद शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं आणि स्वतः पुन्हा पहिल्यासारखं, पुढचं ऐकायला तयार. भडकतो तो ऑक्सिजन. सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात त्या भडकलेल्याला. कधी तो, कधी फ्री रॅडिकल म्हणतात ती मंडळी, पेशीच्या पडद्यातल्या चरबीला धर, प्रथिनाला धर, सापडेल त्याला धर. मग लाली, आग, फोड.

यात अँटिऑक्सिडंट कुठे आलं? तर ती म्हणजे अशी बाई, की तिच्या कानात सांगितलं की गोष्ट तिथेच संपली. हसता काय? असतात तशाही. कमी असतात. व्हिटॅमिन सी पाणी असेल तिथे उभं राहतं, व्हिटॅमिन ई चरबीत, थेट पेशीच्या पडद्यातच. ई थकलं की सी त्याला पुन्हा उभं करतं, म्हणून जोडीने लावलेली बरी.

तर काय सांगत होते... हां, काकू! हे सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे सीरमनेच ना?" अहो, अजून तेच! डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "नाही, सीरम बिचारं तिच्याच बाजूचं होतं." काकूंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. उगाच.

आईच्या जिवात जीव आला, पण कितीसा वेळ? बाईंनी विचारलं, "बाटलीचा फोटो आहे?" धाकटीने मोबाइल काढला. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर तांबूस झालंय." कारण व्हिटॅमिन सी, ते खरं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, मोठं नाजूक. हवा लागली, उजेड लागला की दुसऱ्याला वाचवायचं राहिलं बाजूला, स्वतःच ऑक्सिडाइज होऊन बसतं. गडद काचेच्या बाटलीत ठेवायचं, झाकण घट्ट. पीएच साडेतीनच्या खाली असला तरच कातडीत शिरतं, आणि वीस टक्क्यांच्या वर कितीही जोरदार घेतलं तरी जास्त काही आत जात नाही, पैसे मात्र जास्त जातात. आणि यांची बाटली कुठे? बाथरूमच्या खिडकीत! वर सेलमधली, म्हणजे दुकानातच किती दिवस पडून होती देव जाणे. आईचा चेहरा पुन्हा उतरला. काकूंचा उजळला, तेवढं मात्र मी बघून घेतलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. धाकटी म्हणाली, "मग ताजं सीरम असतं तर झालं नसतं ना?" आणि बाई म्हणाल्या, "कमी झालं असतं कदाचित. झालंच नसतं असं मी म्हणणार नाही."

का, ते ऐका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ते ड्यूक विद्यापीठ आहे ना, तिथे शेल्डन पिनेल म्हणून त्वचेचे मोठे डॉक्टर होते. या सगळ्या सीरमांचे आजोबाच म्हणा. त्यांच्या मंडळींनी १९९२ साली डुकरांच्या कातडीवर व्हिटॅमिन सी लावून पाहिलं. डुकराची कातडी आपल्यासारखीच असते म्हणे. हे काकूंना आवडलं नाही. नुसत्या अल्ट्राव्हायोलेट बी किरणांनी भाजणं तर कमी झालंच, पण सोरालेन नावाचं औषध लावून वर अल्ट्राव्हायोलेट ए सोडलं तेव्हाही इजा कमी झाली. १९९६ साली पुन्हा पाहिलं, तर औषध आणि ऊन मिळून होणाऱ्या इजेवर सी जास्त कामाचं, आणि साध्या बी किरणांच्या भाजण्यावर ई जास्त कामाचं. आणि अँटिऑक्सिडंटबरोबर सनस्क्रीनही लावलं, तर दोघांची बेरीज करावी त्याहूनही जास्त उपयोग झाला. हे वाक्य बाई दोनदा बोलल्या. धाकटीचे कान लाल झाले, म्हणजे होते त्याहून. कारण सनस्क्रीन तिने लावलंच नव्हतं! "सीरम आहे ना," म्हणे. मोबाइलवरच्या कुठल्याशा ताईने सांगितलं होतं.

२००५ साली मग त्यात फेरुलिक ॲसिड घातलं. हे कोंड्यात असतं, तांदळाच्या, गव्हाच्या. आणि पहिल्यांदा सापडलं ते हिंगात, म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यात! पंधरा टक्के सी, एक टक्का ई, अर्धा टक्का फेरुलिक. आधी सी आणि ई मिळून उन्हापासून बचाव चौपट होत होता, तो फेरुलिकने आठपट झाला, आणि सी लवकर खराब होईना. हेही डुकरांवरच. पुढे माणसांच्या कातडीवरही करून पाहिलं, तिथेही भाजणं कमी झालं. आणि त्याच सूत्राच्या बाटल्या ज्या कंपनीने विकल्या, तिच्याशी पिनेल स्वतः जोडलेले होते. मी काही म्हणत नाही हो... काम चांगलंच आहे, पण संशोधनही त्यांचं आणि बाटलीही त्यांचीच, एवढं आपल्याला माहीत असलेलं बरं.

आता गोम कुठे आहे? सी नि ई ऊन अडवत नाहीत. अल्ट्राव्हायोलेट ए सरळ आत जातं, औषधाला गाठतं, औषध ऑक्सिजनच्या कानात सांगतं, आणि मग कुठे सी पुढे सरसावतं. झालेलं निस्तरायचं. जेवढी सीची माणसं हजर तेवढंच ऐकून घेणार. ती संपली की संपली. आणि औषध तर थकतच नाही, एकच कण पुन्हा पुन्हा तेच करत राहतो. अकरा ते तीन बोटीवर बसलं तर कुठलं सी पुरणार? आठपट म्हणजे साध्या उन्हाने भाजण्यापासूनचा बचाव, तो गोळी न घेणाऱ्याचा. गोळीवाल्याला तो आकडा लावायचा नाही, असं बाईंनी बजावून सांगितलं.

काकू पटकन म्हणाल्या, "मग गोळी रात्री घ्यायची! सकाळी उतरलेली असेल." तुम्हालाही तसंच वाटलं ना आत्ता? मलाही वाटलं होतं. पण डॉक्सिसायक्लिन अंगातून अर्धी उतरायलाच अठरा-वीस तास लागतात. रात्रीची दुपारी असतेच. आणि डोस वाढला की त्रास वाढतो, हेही आहेच.

आणि काच! अहो, तारकर्लीहून येताना गाडीत धाकटी खिडकीशी बसली होती, काच लावून, एसीत, निर्धास्त. तर बाजूच्या काचेतून अल्ट्राव्हायोलेट ए बरंचसं आत येतं. पुढची मोठी काच दोन थरांची, ती बऱ्यापैकी अडवते. म्हणून सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफचा आकडा बघून भागत नाही, तो मुख्यतः बी किरणांचा. पीए लिहिलेलं असतं, त्यापुढचे अधिक बघायचे. जितके जास्त तितका ए किरणांपासून बचाव. मी घरी येऊन आमची ट्यूब बघितली, दोनच अधिक! ह्यांना लगेच सांगितलं, तर म्हणतात, "मी कुठे गोळी घेतो?" बरं.

तर काय सांगत होते... लिंबू! ते तर राहिलंच. आजी मध्येच म्हणाल्या होत्या, हे असलं इंग्रजी सी कशाला, लिंबात नाही का सी? पिळायचं, साखर घालायची, तोंडाला चोळायचं आणि गच्चीत बसायचं. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं मात्र, त्यांनी पेनच खाली ठेवलं. अहो, लिंबाच्या रसात, त्याहून जास्त सालीच्या तेलात, सोरालेनच्याच भावकीतले पदार्थ असतात! उन्हात सरबत पिळणाऱ्यांच्या हातांवर फोड येतात, मग काळे डाग राहतात ओघळांचे, ते हेच. अंजिराचा चीक लागला तरी तेच. म्हणजे आजीबाई सी लावायला गेल्या आणि वर उन्हाला पेटवणारं औषधही लावून बसल्या. घरी आल्यावर आईने हे आजींना सांगितलं, पण मी तिथे होते म्हणून हळू आवाजात. आजी म्हणाल्या, "आमच्या वेळचं लिंबू वेगळं होतं."

सोरालेन म्हटलं की मला मागच्या लेनमधला तो मुलगा आठवतो. हुशार आहे हो, कोड आहे थोडं, त्याचं त्याला काही नाही, लोकांनाच असतं. त्याला तर डॉक्टर मुद्दाम सोरालेन देतात! गोळी घ्यायची, दोन तासांनी उन्हात बसायचं, सुरुवातीला काही मिनिटंच, आणि डोळ्यांना काळा गॉगल संध्याकाळपर्यंत. पुवासोल म्हणतात त्याला. जुनीच विद्या आहे. आपल्याकडे बावचीचं बी लावून उन्हात बसवायचे, इजिप्तमध्ये दुसरी एक वनस्पती होती, आणि कैरोचे अब्देल मोनेम एल मोफ्टी यांनी १९४० च्या दशकात तिच्यातून काढलेलं औषध कोडावर वापरून दाखवलं. त्या मुलाच्या मामाने हौसेने बावचीचं तेल आणून भरपूर चोळलं होतं मागे, आणि मग मांडीवर हे एवढाले फोड! मामा आता त्या घरी चहालाही बसत नाहीत.

पण मुद्दा वेगळाच आहे. त्या मुलाची आई मला विचारत होती, "डागांवर सीरम लावू का हो, उन्हाचा त्रास होणार नाही." मी म्हटलं थांबा, विचारते. आणि गेलेच होते तर विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, "मी नाही लावू देणार. तिथे ऊन आणि औषध जुळायला हवंय मला. एकीकडे गोळी द्यायची आणि दुसरीकडे तिचं तोंड दाबायचं, हा कुठला उपचार?" शिवाय सोरालेन जरा वेगळ्या चालीचं आहे. ते ऑक्सिजनच्या कानाला लागत बसतंच असं नाही, बराचसा कारभार एकट्याने करतं. सरळ डीएनएच्या पायऱ्यांत जाऊन बसतं, आणि ऊन पडलं की गाठ मारतं. तिथे अँटिऑक्सिडंट हात चोळत उभं. तरीही डुकरांवर सीने इजा कमी केली होती ना? म्हणजे थोडं काहीतरी ऑक्सिजनच्या वाटेनेही जात असणार. सगळं एकाच हिशोबात बसत नाही हो.

अशीच गंमत माझ्या मावसबहिणीच्या विहीणबाईंची. अमेरिकन आहेत, टेक्सासच्या, गोऱ्यापान. जन्मभर उन्हात बागकाम केलेलं, कपाळावर खरखरीत चट्टे आले. तिथे त्यावर अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड लावतात, ते कातडीत जाऊन पॉर्फिरिन बनतं, आणि वरून निळा नाहीतर लाल दिवा. चट्ट्यातल्या बिघडलेल्या पेशी तिथल्या तिथे जळतात. तो भडकलेला सिंगलेट ऑक्सिजन, तुमच्या-आमच्या धाकटीचं नाक भाजणारा, तोच तिथे औषध! आणि विहीणबाई त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे थापून अँटिऑक्सिडंट सीरम लावून गेल्या. नर्सने आधी सगळा चेहरा पुसून काढला, मगच पुढचं. मावसबहीण म्हणत होती, तेवढ्यावरून विहीणबाईंचं तोंड दिवसभर फुगलेलं. दिवा झाल्यावर दोन दिवस घरात, पडदे लावून. नेमका त्याच दिवशी जावयाचा बारशाचा बेत होता अंगणात. यांनी खिडकीआडून ओवाळलं म्हणे.

माझा भाचा फार्मसीला शिकवतो, त्याला हे सांगितलं तर तो कुठल्या कुठे गेला. म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी, गुरू हेर्मान फॉन टापाइनर. पाण्यातले ते पॅरामेशियम नावाचे बारके जीव, त्यांच्यावर ॲक्रिडीन नावाचा रंग टाकून किती वेळात मरतात ते बघत होता. कधी भराभर मरायचे, कधी ढिम्म. पोरगा हैराण. मग लक्षात आलं की ज्या दिवशी वादळी ढग होते त्या दिवशी जगले. म्हणजे नुसता रंग मारत नव्हता, नुसता उजेडही नाही, दोन्ही मिळून! १९०० साली छापलं ते. ऑक्सिजनही लागतो, हे टापाइनरांनी पुढे दाखवलं. आणि १९१२ साली फ्रीडरिश मेयर-बेट्स नावाच्या जर्मन डॉक्टरने काय करावं? स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं आणि उन्हात गेला! तोंड इतकं सुजलं की ओळखू येईना. त्याचे फोटो आहेत, भाच्याने दाखवले. पुढे कित्येक महिने त्याला ऊन सोसेना. मी विचारलं, त्याच्या घरचे काय म्हणाले? भाचा म्हणतो ते पुस्तकात नाही. असली पुस्तकं काय कामाची?

बरं, दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं आणि सहज विचारलं, "तुमच्या घरी गुडघेदुखीला कुणी जेल लावतं का?" काकूंचे यजमान! रोज पहाटे कीटोप्रोफेनचं जेल चोळतात आणि हाफपँट घालून टेकडीवर. तर ते जेल लावत असताना, आणि बंद केल्यावरही दोन आठवडे, तिथे ऊन लागू द्यायचं नाही. युरोपात २०१० साली त्यावर मोठी चर्चा झाली, तेव्हापासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळू नये असं ठरलं. आणि ही धाकटीच्या जातीची प्रतिक्रिया नव्हे हं, ही ॲलर्जी. पहिल्यांदा काही होत नाही, अंग लक्षात ठेवतं, आणि मग पुढच्या खेपेला थोड्याशा उन्हानेही उसळतं, खाज, पुरळ, झाकलेल्या जागेपर्यंत पसरतं. तिथे सीरम पुरं पडेल या भरवशावर राहायचंच नाही, जेल बंद करायचं आणि झाकून ठेवायचं. वर आणखी एक, काही सनस्क्रीनमध्ये ऑक्टोक्रिलीन असतं, कीटोप्रोफेनची ॲलर्जी झालेल्यांपैकी काहींना तेही सोसत नाही. काकूंनी ते नाव लिहून मागितलं. सकाळी सीरमवर बोलत होत्या, आता कागद-पेन! मी मुद्दाम माझंच पेन दिलं.

धाकटीची गोळी बदलून दिलीय. आपल्या मनाने बंद करायची नाही, हे मात्र सगळ्यांना ऐकवलं. गार पट्ट्या, साधं मलम, लांब बाह्या, आणि छत्री. सीरम हवं तर नवीन आणायचं, सकाळी आधी ते, वर सनस्क्रीन, आणि बाटली कपाटात. आई म्हणाली आणते. काकू म्हणाल्या, "मी देते या वेळी." मी आणि आई एकमेकींकडे बघितलं फक्त.

आणि आता खरी बातमी... आपल्या कॉलनीचे सेक्रेटरी! अहो, काकूंनीच जाऊन सांगितलं त्यांना सगळं, त्यांच्या पोटात कशी राहणार? ते बीपीची गोळी घेतात ना, नावापुढे एच लावलेली. त्या एचमधलं हायड्रोक्लोरोथायझाइडही उन्हाशी जुळतं कुणाकुणाचं. सेक्रेटरींनी लगेच खिशातून पाकीट काढून चष्मा लावून वाचलं. म्हणे, हातांवर हे मधूनमधून काय येतं म्हणून मी दोन वर्षं साबण बदलतोय! डॉक्टरांना दाखवायला गेले म्हणे, पण त्याआधी कार्यालयात जाऊन एक काम करून आले. रविवारची वार्षिक सभा होती ना, सकाळी अकराला, मोकळ्या प्लॉटवर? ती आता संध्याकाळी साडेसहाला. नोटीस वाचलीत तुम्ही? कारण लिहिलंय, "अपरिहार्य कारणास्तव".